मर्डोचा वाडगा

समुद्र आता गोल्फ मैदानातल्या सातव्या भोकाभोवतीच्या हिरवळीपासून चार हातांवर आला होता. रात्रीच्या भरतीने कुंपणही नेलं, तेव्हा सकाळी इश्बेलने हिरवळ सोलायलाच घेतली. गवत मुळांसकट, मातीसकट लाद्यांसारखं कापायचं, ट्रॅक्टरवर चढवायचं आणि टेकाडाआडच्या नव्या जागेवर पुन्हा अंथरायचं. गोल्फच्या मैदानावर ही कामं हिवाळ्यातच उरकतात. गवत झोपलेलं असतं, त्याला कळत नाही.

मर्डोला मात्र कळत होतं. ही हिरवळ त्याने घातलेली. मैदान मुलीच्या हाती सोपवून बरीच वर्षं झाली होती, तरी तो काठी टेकत आला आणि कडेला उभा राहून सूचना करू लागला.

"बाबा, थंडी किती आहे बघ. घरी जा."

"थंडी मला शिकवतेस? आधी त्या केनीला सांग, लाद्या नीट उचल म्हणावं. गालिचा झटकतोय जसा काही!"

"ऐकू येतंय मला," ट्रॅक्टरवरून केनी म्हणाला. "नव्या हिरवळीत वाडगा ठेवायचा का, तेवढं सांगा."

मर्डोने तोंड समुद्राकडे वळवलं.

जुन्या हिरवळीच्या डाव्या कोपऱ्यात एक खळगा होता. सगळं गाव त्याला मर्डोचा वाडगा म्हणायचं. भोकाकडे निघालेला चेंडू हमखास तिकडे वळायचा आणि अख्ख्या क्लबच्या शिव्या मर्डोला बसायच्या. वसंतात तो वाळू घालून खळगा बुजवायचा. उन्हाळ्यात सगळं मैदान करपलं तरी तेवढा तुकडा हिरवागार असायचा. पानगळीच्या दिवसांत तिथे पावसाचं डबकं साचायचं, आणि हिवाळ्यात गोठलेलं दव सगळीकडून उठलं तरी तिथे दुपारपर्यंत बसून राहायचं. पुढच्या वसंतात पुन्हा वाळू. जन्म गेला, वाडगा काही गेला नाही.

त्याचं कारणही गावाला तोंडपाठ होतं. हिरवळीखालची माती चोपता चोपता हाच कोपरा उरला होता, तेवढ्यात पोस्टमन भिंतीवरून ओरडला, "मर्डो, मुलगी झालीय! पळ!" मर्डो हातातला धुमस टाकून पळाला. बाकीच्यांनी तशा कच्च्या मातीवरच गवत अंथरलं. पुढे माती बसली आणि खळगा पडला. ती मुलगी म्हणजे इश्बेल. दर वाढदिवसाला तिला ही गोष्ट ऐकावी लागे.

दिवस कलला तेव्हा नव्या जागेवरची माती जवळजवळ चोपून झाली होती. डावा कोपरा तेवढा राहिला होता. केनी धापा टाकत ट्रॅक्टरला टेकला.

"बरं झालं," मर्डो म्हणाला. "आता तरी सपाट होईल. सुटलो मी."

सुटल्यासारखा तो दिसत नव्हता. टेकाडाच्या कडेने पलीकडे त्याच्या जुन्या हिरवळीची जागा दिसत होती. तिथे आता नुसती वाळू होती, आणि लाटा तिच्या कडेला लागल्या होत्या. त्याला रडू येत होतं आणि केनीसमोर रडायचं नव्हतं. त्याने काठी बाजूला टाकली आणि धुमस उचलला.

"हा कोपरा मी चोपतो. या वेळी कुणी नाव ठेवायला नको."

इश्बेल गुडघ्यांवर बसून शेवटच्या लाद्या लावत होती. तिने मान वर केली.

"बाबा."

"काय?"

"मुलगी झालीय. पळ!"

मर्डोचा हात वरच राहिला.

"अगं, कोपरा कच्चा राहील की," केनी म्हणाला.

"राहू दे," इश्बेल म्हणाली आणि तिने त्या भुसभुशीत मातीवर गवत अंथरलं.

मर्डोने धुमस तिथेच टाकला, आणि काठी विसरून भराभर घराकडे निघाला.