अॅबर्डीनमधला माणूस

शिपायाने दाराबाहेर जाऊन रुअरी मॅकॉलेच्या नावाचा पुकारा केला आणि किर्स्टीने दाराकडे पाहिलं. दावा तिने बेपत्ता नवऱ्यावरच घातला होता. माणूस मेला असं ठरवायचं, तर आधी त्यालाच हजर राहायला सांगायचं, अशी बेटावरच्या या स्टॉर्नोवे गावच्या कोर्टाची रीत. बाहेरून कुणी आलं नाही.

आली ती त्याची आई. शोनाग म्हातारी ओल्या कोटासकट सगळ्यात मागच्या बाकावर बसली. सुनेकडे तिने पाहिलंही नाही.

किर्स्टीने शपथ घेतली. रुअरी पहाटे शेवंडांचे पिंजरे उचलायला गेला होता. दुपारी बेटाच्या उत्तरेला होडी सापडली, इंजिन चालूच होतं. तो सापडला नाही.

"त्यानंतर सात वर्षांत काही निरोप?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही."

"कुणी पाहिल्याचं कानावर आलं?"

ते तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी गावातली एक बाई समुद्रापलीकडच्या अॅबर्डीन शहरातून सांगत आली होती, की रुअरी तिथल्या मासळीबाजारात पेट्या उचलताना दिसला. शोनाग त्याच आठवड्यात बोट धरून गेली आणि परतली ती तोंड मिटूनच. कुणी काही विचारलं तर एवढंच म्हणायची, "माझा मुलगा आहे." दाव्याचं कानावर गेलं तेव्हा मात्र ती सुनेच्या दारात येऊन म्हणाली होती, "जिवंत माणसाला कागदावर पुरायला निघालीस. खुशाल जा. मीही येते."

आणि आत्ता बाहेर गाडीत इनिस बसला होता. आपण लग्न कधी करायचं, हे त्याने किर्स्टीला एकदाही विचारलं नव्हतं.

"अॅबर्डीनला दिसला, असं कुणीतरी म्हणालं होतं," किर्स्टी म्हणाली. खोटं तिला बोलवेना. "मला ते खरं वाटलं नाही."

तिच्या वकीलबाईंनी कागदांत डोकं घातलं.

"तो तेव्हा जिवंत असेल, तर सात वर्षं भरत नाहीत आणि हा दावा उभाच राहत नाही," न्यायाधीशबाई सावकाश म्हणाल्या. "याबद्दल इथे कुणाला काही सांगायचंय?"

मागचं बाक करकरलं. किर्स्टी आपल्या जागी येऊन बसली तेव्हा म्हातारी तिच्या शेजारून पुढे गेली. कोटाला ओल्या लोकरीचा वास येत होता. किर्स्टीने बाकाची कड घट्ट धरली.

"मी गेले होते तिथे," शपथ घेऊन शोनाग म्हणाली. "बाजाराच्या दारात उभी राहिले. तो बाहेर आला. चाल तीच, एक खांदा खाली टाकलेला. मी मागे मागे त्याच्या घरापर्यंत गेले. हाक मारली नाही. मारली असती तर वळला असता ना."

"मग?"

"दाराशी किल्ली शोधायला तो वळलाच. दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा होता. मला म्हणाला, आजी, वाट चुकलात का?"

न्यायाधीशबाईंनी मान वर केली.

"हे तुम्ही आजवर कुणालाच सांगितलं नाहीत?"

"नाही. सांगितलं नाही तोवर बरं चाललं होतं." म्हातारीने पहिल्यांदाच सुनेकडे पाहिलं. "आज देवाची शपथ घातलीत. आता काय करू?"

"सुटलो," वकीलबाई किर्स्टीच्या कानाशी कुजबुजल्या. "आता काही अडचण नाही."

किर्स्टीने मान हलवली. अॅबर्डीनच्या त्या माणसावर आपला विश्वास नाही, असं ती आत्ताच शपथेवर म्हणाली होती. मग सुटल्यासारखं का वाटत नाही, ते तिला कळेना.

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग निकाल वाचायला त्यांनी चष्मा चढवला आणि शिपायाने सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. वकीलबाई उठल्या. किर्स्टीने दोन्ही हात बाकावर टेकले, पण ती उठली नाही.

शोनाग साक्षीच्या जागेवरून आत्ता कुठे आपल्या बाकाकडे परत निघाली होती. ती थांबली आणि तिने सुनेच्या दंडाला हात घातला.

"ऊठ, पोरी," ती हलकेच म्हणाली. "त्याचं नाव घेतायत."