चारशे सतरा नंबरची चूक

"पुन्हा तोच आला," ती फोनवर म्हणाली. "चारशे सतरा. या वेळी एक्याण्णव टक्के."

पलीकडे मास्तरांनी सुस्कारा टाकला. ते शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे आणि उरलेल्या वेळात, एका पैचीही अपेक्षा न ठेवता, हा प्रोग्राम लिहायचे. हरवलेल्या माणसाचा फोटो टाकायचा. शवागारांत नंबर लावून ठेवलेल्या बेवारस प्रेतांच्या फोटोंशी प्रोग्राम तो ताडून बघायचा आणि कोणता चेहरा किती टक्के जुळतो ते सांगायचा. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. नवी आवृत्ती दवाखान्यांकडे जाण्याआधी पन्नासेक स्वयंसेवक ती घरी वापरून बघत. त्यांतल्या बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी हरवलेलं होतं. जुळलेला चेहरा खरा की खोटा, हे शेवटी घरच्यांनीच सांगायचं. दुसरं कोण सांगणार?

तिचा नवरा दीड वर्षापूर्वी एका सकाळी कामाला म्हणून गेला, तो परतलाच नाही.

"ताई, नीट बघितलंत ना?"

"मास्तर, सतरा वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतेय. एक वेलांटी सुटत नाही माझ्या नजरेतून."

"तुमच्यावर शंका नाही हो. पण आधी चौसष्ट टक्के होते, मग अठ्ठ्याहत्तर, आता एक्याण्णव. मी जितकी सुधारणा करतोय तितका हा मानगुटीवर बसतोय. काहीतरी मुळातच चुकतंय माझं."

"कान वेगळे आहेत. हनुवटी वेगळी. सगळं लिहून पाठवते."

आणि तिने पाठवलं. मुद्देसूद, दीड पान. तिचे अहवाल मास्तर नव्या स्वयंसेवकांना मुद्दाम वाचायला देत. म्हणत, "चूक सांगावी तर अशी."

फोन ठेवताच पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला. "काय गं? दिसला का?"

"नाही आई. दुसराच कुणीतरी आहे."

"बघ हं नीट."

"बघितलं."

म्हातारीने डोळे मिटले. छातीवरचा हात हळूच खाली आला. "मग आहे तो कुठेतरी. डोकं फिरलं असेल लेकाचं, येईल परत. मला जरा भात दे मऊसा."

एरवी दोन घासांवर ताट सरकवणारी बाई असल्या दिवशी पोटभर जेवायची. डॉक्टर केव्हाच म्हणाले होते, हृदय म्हणजे जुनं फडकं झालंय. धक्का म्हणून लागू देऊ नका.

मास्तर इरेला पेटले. शाळेची सगळी सुट्टी त्यांनी त्या एका चुकीपायी घालवली. तिने नाकारलेल्या जुळण्या त्यांनी प्रोग्रामला पुन्हा पुन्हा दाखवल्या, हा माणूस तो नव्हे, हे त्याच्या गळी उतरवलं. सुजलेले, पाण्यात राहून बदललेले चेहरे तो आता सहजासहजी जुळवेना. दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी नवी आवृत्ती आली. तिने नवऱ्याचा फोटो टाकला.

एकही चेहरा जुळला नाही.

तिने खात्रीसाठी फोटो पुन्हा टाकला. मग फोन वाजला. स्वयंसेवकांमधले पोस्टमन होते. चार वर्षांपूर्वी त्यांची मुलगी कॉलेजातून परतली नव्हती.

"ताई, तुमचे आभार मानायला फोन केला."

"माझे कशाला?"

"सांगतो ना. मागच्या आवृत्तीत माझ्या पोरीशी एक चेहरा जुळला होता. बहात्तर टक्के. बाहेरगावचं शवागार. फोटोवरून काही कळेना. प्रत्यक्ष जाऊन बघायचं म्हणून तिकीट काढलं. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. हिला तर सांगितलंच नाही." ते थांबले, नाक ओढलं. "आज नवी आवृत्ती लावली, तर तो चेहरा गायब! म्हणजे तीच चूक होती, तुमच्या चारशे सतरासारखी. तुम्ही धरून बसला नसतात, तर मी कुठल्या परक्या पोरीपुढे जाऊन उभा राहिलो असतो."

तिची नजर पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे गेली.

"ताई, आहात ना?"

"आहे. तिकीट काढलंयत तर एकदा बघून का येत नाही?"

"आता कशाला? रद्दसुद्धा केलं. कॉम्प्युटरच नाही म्हणतोय की."

"तरीपण."

"नको हो, ताई. तेवढी छाती नाही माझी. आज कितीतरी दिवसांनी झोप लागेल."

पाच वाजता मास्तरांचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. "झालं एकदाचं! उद्या सगळ्या दवाखान्यांत हीच आवृत्ती चढणार. तुमचा तेवढा शेवटचा शेरा हवाय. तुम्ही 'ठीक' म्हटल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"दुसऱ्या कुणाचं घेतलं तर नाही का चालणार?"

"छे! ही चूक तुम्ही शोधलीत. मान तुमचा."

पलंगावर सासूबाई कुशीवर वळल्या. "काय म्हणतायत गं मास्तर? दिसला का?"

"नाही आई."

तिने 'ठीक' लिहिलं आणि पाठवून दिलं. मास्तरांनी लगेच तिचं नाव आभाराच्या यादीत सगळ्यात वर टाकलं.

मग तिने जुनी आवृत्ती एकदा शेवटची उघडली आणि चारशे सतराचा फोटो मोठा केला. चेहरा नाही, छाती. पांढरा सदरा चिखलाने माखला होता, पण वरून दुसरं बटण स्पष्ट दिसत होतं, काळ्या दोऱ्याने टाचलेलं. गेला त्या सकाळी तो "उशीर होतोय, लावतेस की जाऊ तसाच?" म्हणत दारात उभा होता, आणि घरातला पांढरा दोरा नेमका तेव्हाच संपला होता.