अर्धा कप

रांग पाहून डर्वलाचे पाय जागीच थबकले. चर्चच्या सभागृहापासून ती थेट रस्त्यापर्यंत आली होती. एवढी माणसं दारू सोडायला? या एवढ्याशा गावात?

आपल्या गावात कुणी पाहायला नको, म्हणून ती बसनं दोन गावं ओलांडून आली होती. ‘गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या सभागृहात,’ एवढाच पत्ता बहिणीनं दिला होता. तोही दाराच्या फटीतून. “आज तिथं बसून ये, डर्वला. नाहीतर कीवाला विसर. तुझी पोर झोपेत दचकते गं आता.” फटीतून कीवाचे लाल बूट तेवढे दिसले होते. पोर दिसली नव्हती.

कोटाच्या खिशात व्होडकाची चपटी बाटली होती, अजून न फोडलेली. समुद्रावरून वारा येत होता आणि बाटली मांडीला लागत होती, लागत होती.

मान खाली घालून ती रांगेत उभी राहिली.

“कुणातली गं तू?” मागून आलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

“कुणातलीच नाही.”

“वा! म्हणजे भुईतून उगवलीस.” म्हातारा हसला. “पण आलीस ते बरं केलंस. मॅटीच्या हातचा चहा प्यायलीस का कधी? इतका दाट, की वरून उंदीर पळाला तरी पाय भिजायचे नाहीत त्याचे.”

तिला काही उमगेना. दारूचा वास झाकायला तोंडात ठेवलेली पेपरमिंटची गोळी फिरवत ती पुढं सरकत राहिली. उंबरा ओलांडला आणि लिलीच्या फुलांचा वास आला. मग मेणबत्त्या दिसल्या. मग उघडी शवपेटी, आणि शेजारी खुर्च्यांवर काळ्या कपड्यांतली घरची माणसं.

तिनं मागं पाहिलं. म्हातारा, आणि त्याच्यामागं अख्खा गाव. आयर्लंडात अशा रांगेतून कुणी बाहेर पडत नाही. वैरीसुद्धा घरच्यांचा हात हातात घेतो आणि मगच परततो.

तिनं हात हातात घेतले. मुलाचा, सुनेचा, भावाचा. “फार वाईट झालं. फार वाईट झालं.” शेवटी शवपेटीतल्या मॅटीची बायको, पेग. तिनं डर्वलाचा थरथरता हात धरला आणि सोडलाच नाही.

“मी चुकून आले, काकू,” डर्वला कुजबुजली. “मला दुसरीकडं जायचं होतं. माफ करा.”

पेग जवळ वाकली. “पेपरमिंट,” ती हळूच म्हणाली. “अर्धा संसार मी या वासाशी केला, पोरी. मग तो मागच्या खोलीतल्या त्या बैठकीत जाऊन बसायला लागला. उरलेला संसार माणसाशी केला.”

“मला नाही जमायचं.”

“त्याला तरी कुठं जमणार होतं!” पेगनं मूठ उघडली. आत किल्ली होती, घामानं ओली. “मागच्या बाजूला हिरवं दार आहे. दर गुरुवारी तोच उघडायचा. त्याच्या बैठकीतली माणसं इथंच रांगेत आहेत, येतील मागाहून. सकाळपासून धरून बसलेय ही, कुणाला द्यावी सुचेना. जा, किटली ठेव. आणि ऐक, नव्या माणसाचा कप अर्धाच भरायचा. हात कापतात गं. सांडलं की लाजतात, आणि परत येत नाहीत.”

म्हातारा मागून खाकरला. “पेग, आम्हालाही रडू दे की थोडं!”

खोली गार पडली होती. खुर्च्या गोल मांडून ठेवलेल्या. डर्वलानं किटली लावली. मग कोटाच्या खिशात हात घातला.

झाकणाचं सील कडकन तुटलं. वास आला, तसं तिच्या सगळ्या अंगाला पाणी सुटलं. कोण बघतंय? एक घोट. एकच. लाल बूट डोळ्यांपुढं आले, आणि तरीही तिनं बाटली ओठांपाशी नेलीच.

दार वाजलं.

उंबऱ्यात एक माणूस उभा होता. बुटांवर सिमेंट, दोन्ही हात खिशात कोंबलेले, डोळे आठवडाभर न मिटल्यासारखे.

“बैठक इथंच असते का? पुढं ती रांग पाहिली आणि परतच निघालो होतो मी. परत गेलो असतो तर...”

डर्वलाच्या हातात बाटली तशीच होती. त्यानं ती पाहिली. पाहिलं, आणि नजर जमिनीकडं वळवली.

“इथंच,” ती म्हणाली. “या. दार लावा, वारा येतोय.”

तिनं बाटली बेसिनमध्ये उपडी केली. बाटली गटगट रिकामी होत राहिली. डर्वला तिच्याकडं पाठ करून कप शोधू लागली.

कप समोर आला तेव्हा कुठं त्या माणसानं हात खिशातून काढले. दोन्ही हातांनी कप धरला. मग तिच्या कपात डोकावला.

“तुमचाही अर्धाच?”

डर्वलानं कप उचलला. चहा हिंदकळून काठापर्यंत चढला, तिथंच थरथरत राहिला, आणि खाली उतरला.