बहिणी ना तुम्ही?

"बहिणी आहोत आम्ही," थोरली बोलून गेली.

नावनोंदणीच्या टेबलामागच्या मुलीने छान हसून दोघींच्या मनगटांवर पांढऱ्या फिती बांधल्या. रंगीत फीत स्वतःसाठी आलेल्यांना, पांढरी त्यांच्यासोबत आलेल्या घरच्यांना. "किती गोड! पुढे व्हा मावशी, मिरवणूक निघतेच आहे." धाकटीने आधी फितीकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"इथेसुद्धा?" एवढंच म्हणाली, आणि थोरलीच्या हातातून आपला हात काढून घेतला.

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज खोटं बोलायचं नाही, एवढा एकच दिवस मागितला होता धाकटीने. ती शाळेत चित्रकला शिकवायची. नोकरीवर गदा नको म्हणून दोघींनी तोंडाला कुलूप घातलेलं. "तू रिटायर हो, मग आपण प्राइडच्या मिरवणुकीला जाऊ, हातात हात घालून जाऊ," असं थोरलीनेच कबूल केलं होतं. धाकटी रिटायर झाली. दोघी आल्या. आणि मेली जीभ सवयीने वळायची तिथेच वळली.

सवय तरी कशी! तीसेक वर्षांपूर्वी दोघी बेकरीवरची खोली बघायला गेल्या, तेव्हा बेकरीवाल्या वहिनींनी दार उघडलं. मागे त्यांचे सासरे काठी टेकून उभे. वहिनींनी दोघींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बहिणी ना तुम्ही?" दोघींनी माना डोलावल्या. खोली मिळाली. पुढे एकीचे केस आधी पिकले म्हणून गल्लीने तिला थोरली ठरवलं. खरं तर तीच वर्षाने लहान. लोकांना उत्तरं देता देता दोघींत मिळून एक वडीलही तयार करावे लागले. पोस्टात नोकरी, तापट, पण मनाने लोणी. त्या वडिलांची धाकटीला कधीकधी आठवणसुद्धा यायची.

थोरलीचं दुकान रफूचं. तिचा रफू असा, की फाटलं होतं कुठे ते गिऱ्हाइकालाच सापडू नये. हे खोटंही तिने तसंच विणलं होतं. वहिनींनाही काही कळलं नाही, असं ती अभिमानाने म्हणायची. वहिनी बिचाऱ्या दरवर्षी, दोघी राहायला आल्या त्या तारखेला, एक छोटा केक वर पाठवायच्या. "बहिणींना द्या," असा निरोप. बेकरीवाल्यांची काहीतरी पद्धत असेल, असं म्हणून दोघी तो चाटूनपुसून खायच्या.

मिरवणूक निघाली. रंगीत पट्ट्यांचं एक लांबच लांब कापड लोकांनी डोक्यावर धरलं होतं, आणि चालता चालता दोघी त्याच्याखाली आल्या. खाली सगळं निराळंच. ऊन कापडातून गाळून येत होतं. धाकटीचा चेहरा लाल झाला, मग केशरी, मग पिवळा. ड्रमचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता. कोणीतरी साबणाचे फुगे सोडत होतं. त्यातला एक धाकटीच्या केसांवर येऊन टेकला आणि फुटेचना. पुढे दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून संथपणे नाचत होते, जसं काही घरात दुसरं कोणीच नाही. एवढं सोपं असतं हे? थोरलीला वाटलं, आपण झोपेत तर नाही ना.

धाकटी हिरवी झाली, निळी झाली, पण चालत राहिली ती बाजूला सरकूनच. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. ते पोस्टातले वडीलच तिथून चालत असावेत.

मग कापड संपलं आणि उजेडाने डोळे दिपले. पुढचा रस्ता खोदलेला, म्हणून मिरवणूक आतल्या गल्लीत वळवली होती. थोरलीने समोर पाहिलं. स्वप्नात कुठेही निघा, येऊन पोचायचं आपल्याच दारात, तसं झालं होतं. समोर त्यांचीच बेकरी. पायरीवर वहिनी, शेजारी औषधांचा दुकानदार, खिडक्यांतून बायकापोरं. म्हणजे अख्खी गल्लीच.

"अगंबाई, आपल्या बहिणी!" वहिनी ओरडल्या. माना भराभर वळल्या.

धाकटीने फितीचा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा. पांढरी फीत. सोबत आलेले घरचे. एवढं मन दुखावलेलं असूनही ती थोरलीलाच सांभाळून घेत होती.

 थोरलीने तो वर गेलेला हात धरला, तोंडाशी आणला, आणि दुकानात धागा तोडायची तशी दातांनी फीत तोडली. मग स्वतःचीही. हात मात्र सोडला नाही.

"बहिणी नाही आम्ही, वहिनी!" तिचा आवाज चिरकला, पण गल्लीभर गेला. "कधीच नव्हतो. आम्ही दोघी एकमेकींच्या आहोत. पहिल्या दिवसापासून. चालणार नसेल तर खोली सोडतो."

धाकटीचा हात थोरलीच्या हातात घट्ट झाला. वहिनींनी पिठाचे हात एप्रनला पुसले.

"खोली कशाला सोडताय? मागे सासरे उभे होते, ते हाकलून देतील म्हणून तो शब्द मीच सुचवला होता तुम्हाला. सासरे जाऊनही जमाना झाला, बायांनो, तुम्ही आपल्या सोडेचनात! मग म्हटलं, बरं वाटतंय ना त्यांना, म्हणू दे. सगळ्या गल्लीला दम देऊन ठेवला, बहिणीच म्हणायचं." वहिनींनी डोळ्यांवरून हात फिरवला, तर गालावर पीठ लागलं. "नाहीतर इतकी वर्षं त्या तारखेला केक कशाचा पाठवत होते मी? भाडेकराराचा?"