काढून टाकायची तालीम

"बसा," लेक म्हणाली.

आई हातातला अर्धवट घडी केलेला टॉवेल घेऊनच खुर्चीच्या कडेला टेकली.

नववीतल्या मुलांना व्यवहार कळावा म्हणून शाळेने वर्गावर्गांत लुटुपुटूच्या कंपन्या काढल्या होत्या. माल खोटा, गिऱ्हाईक खोटं, रुसवेफुगवे तेवढे खरे. लेकीकडे माणसं नेमायचं आणि काढायचं काम होतं. उद्या ती पहिल्यांदाच एकीला काढणार होती.

"तुमचं काम चांगलंच आहे. पण कंपनीला सध्या तुमची गरज उरलेली नाही."

"अगं बाई! मग मी आता खाऊ काय?" आईने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, नाटकं नकोत गं. मार्क आहेत याला."

"बरं, साहेब. पण काढताय कोणाला?"

लेकीने नाव घेतलं. बालवाडीपासूनची मैत्रीण. स्वतःच्या घरापेक्षा याच घरात जास्त जेवलेली.

"तिलाच का?"

"सर म्हणाले, जवळच्या माणसाला सांगता आलं की कोणालाही सांगता येतं. मग मीच हात वर केला."

"तिला ठाऊक आहे?"

"आधी सांगायचं नसतं."

आईचं हसू आटलं. तिने टॉवेल मुठीत धरला. "माझं काय चुकलं, एवढं तरी सांग."

लेक थबकली. आता हिला भरून येईल, ही गळ्यात पडेल, या आशेवर आई तिच्या तोंडाकडे बघत बसली.

"तुमचं काहीच चुकलं नाही," लेक म्हणाली. "म्हणून तर वाईट वाटून घेऊ नका."

आवाज कुठे म्हणून हलला नाही. इतका मऊ आवाज तिने घरात कधी लावला नव्हता.

तेवढ्यात मैत्रीण नेहमीसारखी बेल न वाजवता थेट खोलीत घुसली. "मावशी, ऐकलंत? उद्या मला केबिनमध्ये बोलावलंय! बढतीच असणार. हिला विचारतेय, तर ही मेली तोंडच उघडेना!"

"बढती कसली? फरशी पुसायला लावतील तुला," लेक हसली आणि तिच्या गळ्यात हात टाकला.

आई उठली. "अगं, जरा ऐक..."

लेकीने मान वळवली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

"आई, जाताना दार लोटून घेशील?"