गाडीचा आवाज

“हात हलवू नकोस,” तो म्हणाला. “उजेड नळीवर पाड. माझ्या तोंडावर काय बघतेस?”

बायकोने टॉर्च दोन्ही हातांनी धरला, तरी उजेड थरथरतच होता. जिन्याखाली दिवसाही अंधार असायचा, आणि मोटरसायकलच्या टाकीखाली तर त्याहून जास्त. कारखान्यात फिटर असलेला तो गुडघ्यांवर बसून एअर फिल्टरचा जुना प्लॅस्टिकचा डबा जागेवर सरकवत होता. हा डबा मागे त्यानेच काढला होता आणि तिथे नुसता उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला होता. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ डब्यात परत नेणारी रबरी नळीही त्याने तेव्हा मोकळी सोडून दिली. गाडी आता मोकळा श्वास घेते, असं तो सांगायचा. श्वास घेते की डरकाळ्या फोडते, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. पाठीमागे मात्र सगळे त्याला भोंगा म्हणत.

“राहू द्या ना तसंच,” बायको हळूच म्हणाली. “आम्हाला सवय झालीय.”

“पोरगी खोकतेय, दिसत नाही तुला? त्या नळीतला धूर जिन्यावरून थेट घरात येतो.”

“धुराचं करा काहीतरी. पण आवाजाचं आमचं काहीच म्हणणं नाही हो. उलट बराच वाटतो.”

तो सुखावला. आपल्या हातच्या कामाची बायकोला कदर आहे, असं त्याने गृहीत धरलं. तेवढ्यात नळीवरचा क्लॅम्प पुन्हा निसटला आणि त्याने पाना भिंतीवर भिरकावला. बायको दचकली नाही. ती आधीच मागे सरकलेली होती. मग तिने पाना उचलला, पुसला आणि त्याच्या हातात दिला.

फिटर तापट होता, पण मनात काही ठेवायचा नाही. निदान तो स्वतः तसं सांगायचा. वर घरात कपाटाच्या दारावर हेल्मेटच्या आकाराचा एक खड्डा होता. त्या दिवशी कपाटच मधे आलं, असं त्याचं म्हणणं. घराचा त्याला मोठा अभिमान. शेजारीपाजारी नुसता कालवा, आणि आपल्याकडे पाऊल टाकावं तर टाचणी पडली तरी ऐकू येईल. त्याला शिस्त लागते, हे तो कारखान्यात दहा जणांना ऐकवायचा.

नळी डब्याला जोडून झाली. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेटही पूर्वीचा बसवला. किक मारली, तर इंजिन जेमतेम गुरगुरलं. वरच्या खिडकीतून त्याची शाळकरी मुलगी खाली बघत होती. आता खोकला थांबेल, असं त्याने तिला ओरडून सांगितलं. ती हसली नाही. उघडा फिल्टर त्याने कचऱ्याच्या बादलीत फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना त्याने मुलीसाठी रंगीत खडूंची पेटी घेतली. गल्लीत कुणी मान वळवून पाहिलं नाही. गाडी लावून तो वर निघाला आणि अर्ध्या जिन्यात थबकला. वर कुणीतरी गात होतं. रेडिओबरोबर, अगदी मोकळ्या गळ्याने. मधेच गाणं चुकलं, आणि दोघी-तिघी असाव्यात तसं हसू उसळलं. कुणाकडे एवढा आनंदीआनंद चाललाय, असं त्याला वाटलं. पण त्या जिन्यावर दार एकच होतं, त्याचं.

बायको गाते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. आपणही त्या हसण्यात जाऊन बसावं, असं त्याला फार वाटलं. पेटी पाठीमागे लपवून त्याने दार ढकललं.

गाणं तुटलं. बायकोने रेडिओ बंद केला आणि मोकळे केस भराभर बांधले. मुलीने जमिनीवर पसरलेली चित्रं गोळा करून छातीशी धरली आणि ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. दोघींपैकी कुणीही त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. त्या त्याच्या पाठीमागे लपवलेल्या हाताकडे पाहत होत्या.

“आई, मी ऐकत होते गं,” मुलगी रडवेली होऊन म्हणाली. “शप्पथ. माझा कान तिकडेच होता. आवाज आलाच नाही.”

त्याने हात पुढे आणला तशी तिने मान खांद्यात घातली. पेटी त्याने टेबलावर ठेवली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ नेहमीचा रागही डोक्यात चढू लागला. या वेळी तो चढताना त्याला कळला. त्याला स्वतःचीच भीती वाटली आणि तो खाली निघून गेला.

रविवारी तो पुन्हा जिन्याखाली बसला. डबा काढला. नळी मात्र मोकळी सोडली नाही. एका बाटलीत तारेची घासणी कोंबून नळीचं टोक त्यात सोडलं, म्हणजे तेलकट वाफ तिथेच जिरेल आणि पोरीला त्रास होणार नाही. बायको जिन्याच्या पायरीवर येऊन उभी होती.

“तो उघडा फिल्टर टाकून दिला मी,” तो खाली बघत म्हणाला. “नवा आणावा लागेल.”

ती वर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला तोच फिल्टर होता, पुसून लख्ख केलेला. तो तिने त्याच्यापुढे ठेवला. मग त्याने सांगायच्या आधीच तिने टॉर्च उचलला आणि टाकीखाली धरला. या वेळी उजेड जरासुद्धा हलला नाही.