दारावरचा टॉवेल

शशिकलावरच्या फिल्मच्या पहिल्या खेळात पडद्यावर त्यांच्या बाथरूमच्या दारावरचा पिवळा टॉवेल दिसला आणि मालन खुर्चीत पुढे सरकली. शशिकलाची व्हीलचेअर आत घेतली की ते दार लागत नसे, म्हणून दारावर टॉवेल टाकला की कॅमेरा बंद, एवढी एकच अट मालनने फिल्म करणाऱ्या मुलीला घातली होती.

तरी कॅमेरा चालूच राहिला होता. शशिकलाचे लुळे पाय धुणारी मालन, मग तिच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडणारी मालन. बाईवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठी शशिकलाने उभं आयुष्य मोर्चे काढले. तिची जोडीदार असूनही मालन कधी साध्या फोटोतसुद्धा आली नव्हती.

दिवे लागले. फिल्मसाठी वर्गणी जमवणाऱ्या मैत्रिणी डोळे पुसत तिच्याभोवती गोळा झाल्या. "काय धीट आहेस गं!" त्यातली एक म्हणाली. मालन तडक घरी आली.

"त्या फिल्मवालीला पोटच्या पोरीसारखं वागवलं," दुसऱ्या दिवशी शशिकलाला अंघोळ घालताना ती धुमसत होती, "आणि तिने केसाने गळा कापला!"

शशिकला बादलीकडे बघत राहिली. "तिला मीच सांगितलं होतं, बंद करू नकोस म्हणून. जगाने मलाच बघितलं, मालन. तुला कुणीच नाही."

"मग मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हटलं असतं."

मालनने दारावरचा टॉवेल ओढून तिचं अंग पुसलं. ज्यावर ती रडली होती तो खांदा तेवढा ओलाच ठेवला.